घरोघरची मंडळी : कवालापासून किंख्रियापर्यंत नऊ दिवस

पहिला दिवस : कवाला

उत्तर ग्रीसमधील थेस्सलोनिकीच्या विमानतळावर उतरणारे बहुतेक प्रवासी दक्षिणेकडे, अथेन्सच्या किंवा बेटांच्या दिशेने वळतात. ताई आणि मी मात्र ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात तिथून पूर्वेकडची बस धरली, कारण येशूचा प्रेषित पौल याच्या ज्या वाटेने आम्हांला जायचे होते ती कवालाच्या बंदरात सुरू होते. आज कवाला म्हणतात तेच पूर्वीचे नियापुलि. इ.स. ४९ किंवा ५० च्या सुमारास पौल, सीला आणि तरुण तीमथ्य हे आशियातील त्रोवस बंदरातून गलबतात बसले, समथ्राके बेटाजवळ एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी येथे उतरले आणि मासेदोनियाच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवले.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात या ठिकाणी एक गोष्ट घडते, जी लहानपणी अनेकदा ऐकूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. तोपर्यंत ‘ते गेले, ते आले’ असे सांगणारा कथनकार त्रोवसपासून एकाएकी ‘आम्ही’ असे म्हणू लागतो. मासेदोनियाचा एक माणूस पौलाला रात्री दृष्टान्तात दिसतो, ‘इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर’ अशी विनवणी करतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘आम्ही’ निघालेले असतो. परंपरेने हा कथनकार म्हणजे वैद्य लूक मानला जातो. जाताना वारा अनुकूल असल्याने दोन दिवसांत संपलेला हा समुद्रप्रवास काही वर्षांनी परतताना पाच दिवसांचा झाला, हेही तोच नोंदवून ठेवतो. असे तपशील ज्याने पाण्यावरचे ते दिवस स्वतः मोजले आहेत तोच लिहितो, असे मला वाटते.

बंदराजवळच्या संत निकोलसाच्या चर्चबाहेर पौलाच्या आगमनाचे मोठे रंगीत मोझेक आहे. ही इमारत उस्मानी काळात मशीद होती. मोझेकमध्ये एका बाजूला झोपलेला पौल आणि त्याला बोलावणारा मासेदोनियन माणूस आहे, तर दुसऱ्या बाजूला तो गलबतातून उतरतो आहे. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो तेव्हा समोर थासोस बेटाचा निळसर उंचवटा दिसत होता. ताईने पिशवीतून आजीचे जुने मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, काढले. आमची आजी अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात राहत असे. दर गुरुवारी तिच्या ओसरीवर घरोपासना होई, आणि या प्रवासातील माणसांची नावे ती आमच्या गल्लीतील माणसांच्या नावांसारखी घेई. ताई आज सत्तरीला आली आहे, तरी तिच्या तोंडी अजूनही आजीचाच ‘लुदियाबाई’ हा शब्द आहे.

दुसरा दिवस : फिलिप्पै

द्रामाकडे जाणाऱ्या बसने अर्ध्या तासात फिलिप्पै आले. कवालापासून हे अंतर जेमतेम १५ किलोमीटर आहे, मात्र मध्ये डोंगराची खिंड चढावी लागते, आणि ती पायी ओलांडताना पौलाच्या सोबत्यांना मागे समुद्र व पुढे मैदान असे दोन्ही दिसले असेल. सिकंदराचा पिता फिलिप याने इ.स.पू. ३५६ मध्ये येथील जुन्या वसाहतीला आपले नाव दिले. इ.स.पू. ४२ मध्ये याच मैदानावर जूलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस यांचा पराभव झाला आणि विजेत्यांनी निवृत्त रोमन सैनिकांना येथे जमिनी देऊन वसवले. त्यामुळे ग्रीक भूमीत असूनही या गावाचा रुबाब रोमन होता. चौकातील शिलालेख लॅटिनमध्ये आहेत आणि नागरिकत्वाचा अभिमान येथील हवेतच असावा. पुढे तुरुंगातून या गावाला लिहिलेल्या पत्रात पौल आपले नागरिकत्व स्वर्गात असल्याचे सांगतो. ते वाक्य येथे उभे राहून वाचल्यावर त्याची धार कळते.

अवशेषांतून व्हिया एग्नातिया या रोमन महामार्गाचा फरसबंद तुकडा जातो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात बांधलेला हा रस्ता एड्रियाटिक समुद्रापासून बायझँटियमपर्यंत, सुमारे ११०० किलोमीटर जात असे. सैन्य, टपाल, व्यापारी आणि गुलाम यांच्यासाठी केलेल्या या रस्त्यानेच येशूची सुवार्ताही चालत गेली. फरशांवर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या आहेत. ताईने वाकून एका चाकोरीत हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

अवशेषांचा परिसर मोठा आहे आणि २०१६ साली त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे, परंतु आम्हांला ओढ होती ती गावाबाहेरच्या ओढ्याची. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विसाव्याच्या, दिवशी पौल आणि त्याचे सोबती नदीकाठी प्रार्थनेची जागा असेल असे समजून वेशीबाहेर गेले, आणि तेथे त्यांना फक्त जमलेल्या स्त्रिया भेटल्या. त्यांत थुवतीराहून आलेली, जांभळ्या रंगाची महागडी वस्त्रे विकणारी लुदिया होती. ती यहुदी नव्हती, पण यहुद्यांच्या देवाची भक्ती करणारी होती. तिने ऐकले, तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच तिने या चौघांना आपल्या घरी राहण्याचा आग्रह केला. तो आग्रह मोडणे त्यांना जमले नाही असे कथनकार सांगतो, आणि आमच्याकडच्या कोणत्याही घरात पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

युरोपच्या भूमीवर या ग्रंथात नावानिशी आढळणारी ही पहिली विश्वासी. ती स्वतः आशियाची, परगावी येऊन व्यापार करणारी, आणि तिच्या कथेत नवऱ्याचा कोठेही उल्लेख नाही. आज त्या ओढ्यावर झाडांच्या सावलीत दगडी पायऱ्या बांधल्या आहेत आणि शेजारी तिच्या नावाचे अष्टकोनी चर्च आहे. आम्ही गेलो तेव्हा एका बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी चालली होती आणि एक आजीबाई सर्वांना मिठाई वाटत होत्या. आम्हांलाही त्यांनी हाताला धरून दिली.

मराठी शास्त्रात ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द योजला आहे. या प्रवासात तो मला दर दिवशी अधिकाधिक योग्य वाटत गेला. चर्च म्हटले की डोळ्यांसमोर इमारत उभी राहते. मंडळी म्हटले की माणसे येतात, आणि ‘घरची मंडळी’ म्हटले की स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंतचे सारे घर येते. पहिल्या शतकात ख्रिस्ती लोकांची स्वतंत्र उपासनागृहे नव्हती; लुदियेचे घर हीच फिलिप्पैतील मंडळी होती.

दुपारी चौकाच्या वर एका लहानशा कोठडीपाशी आलो. पौलाचा तुरुंग म्हणून ती दाखवतात, मात्र अभ्यासकांच्या मते ते मूळचे रोमन पाण्याचे टाके आहे. तरीही घटना याच चौकाच्या आसपास घडली असणार. भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देणाऱ्या एका दासीला पौलाने तिच्या अंगातील आत्म्यापासून मुक्त केले, आणि मिळकत बुडालेल्या धन्यांनी त्याला व सीलाला अधिकाऱ्यांसमोर ओढले. तक्रारीत पैशाचा उल्लेख नव्हता. हे यहुदी लोक आम्हां रोमनांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतात, एवढेच म्हटले होते. छड्यांचा मार, खोड्यात पाय, मध्यरात्रीची स्तोत्रे, भूकंप, आणि कैदी पळाले असे समजून स्वतःवर तलवार उपसणारा तुरुंगाधिकारी, हा प्रसंग आजी सांगे तेव्हा आम्ही मुले श्वास रोखून ऐकत असू. आज मला त्यातील शेवट अधिक मोलाचा वाटतो : तो अधिकारी त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो, आणि त्याच्याही घराण्याचा बाप्तिस्मा होतो. एका गावात दोन घरे झाली, एक व्यापारी बाईचे आणि एक सरकारी नोकराचे.

त्या दासीचे पुढे काय झाले हे ग्रंथ सांगत नाही. ताईला ते फार लागले. ओढ्याकाठी बसून तिने त्या मुलीसाठी प्रार्थना केली.

तिसरा आणि चौथा दिवस : थेस्सलोनिकी

पश्चिमेकडे परतताना वाटेत स्त्रुमोन नदीकाठचा अंफिपुलीचा भव्य दगडी सिंह पाहिला. पौल अंफिपुली आणि अपुल्लोनिया या दोन्ही गावांतून न थांबता पुढे गेला असे ग्रंथात आहे, आणि त्यांत यहुद्यांचे सभास्थान, म्हणजे प्रार्थनागृह, नव्हते हेच त्याचे कारण मानले जाते. आम्हीही फार थांबलो नाही. नवा महामार्ग जुन्या रस्त्याचेच नाव, एग्नातिया, मिरवतो.

थेस्सलोनिकी हे तेव्हाही मोठे बंदर होते आणि आजही ग्रीसचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. पौल येथे तीन शब्बाथ सभास्थानात गेला आणि त्याने शास्त्रातून वादविवाद केला. काही यहुदी, बरेच ग्रीक आणि पुष्कळ प्रतिष्ठित स्त्रिया त्याच्या बाजूस आल्या. मग दंगा झाला. पौल सापडला नाही म्हणून जमावाने त्याच्या यजमानाला, यासोनाला, नगराधिकाऱ्यांपुढे नेले आणि जामीन घेऊन सोडले. या अधिकाऱ्यांसाठी ग्रंथात ‘पोलितार्ख’ असा शब्द आहे. एके काळी इतर ग्रीक साहित्यात तो सापडत नसल्याने लेखकाची चूक मानली जाई. पुढे याच शहराच्या वेशीवरील शिलालेखात तो आढळला, आणि तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शहराच्या मधोमध उघडा केलेला रोमन चौक बव्हंशी पौलानंतरच्या शतकातील आहे, तरी त्याच्या कडेला उभे राहून मला यासोनच आठवत राहिला. त्याने भाषण केलेले नाही, चमत्कार केलेला नाही. त्याने दार उघडले आणि त्याची किंमत भरली.

येथून रातोरात पाठवून दिलेल्या पौलाला मागे राहिलेल्यांची काळजी लागून राहिली. त्याने तीमथ्याला परत पाठवले, आणि त्याने आणलेल्या चांगल्या बातमीनंतर करिंथाहून जे पत्र लिहिले ते, बहुतेक अभ्यासकांच्या मते, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन आहे. साधारण इ.स. ५० किंवा ५१ मधले, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. त्याच्या आरंभी पौल, सिल्वान (म्हणजे सीला) आणि तीमथ्य अशी तिघांची नावे आहेत. पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे, असे शेवटी बजावले आहे; वाचता न येणारे पुष्कळ असणार, म्हणून हे बजावणे. आमच्या ओसरीवरही एकजण वाची आणि बाकीचे ऐकत.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही यहुदी संग्रहालयात गेलो. हे शहर शतकानुशतके यहुद्यांचे मोठे केंद्र होते. १४९२ नंतर स्पेनमधून हाकललेले हजारो यहुदी येथे आले, आणि १९४३ साली नाझींनी त्यांपैकी ४५ हजारांहून अधिक लोकांना आगगाड्यांत कोंबून ऑश्वित्झला नेले. पौलाच्या वाटेवर चालणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. पहिले शिष्य सारे यहुदी होते, पौल स्वतः यहुदी होता, आणि त्यांचा वाद एका घरातल्या भावांचा वाद होता. त्या वादातील कडू वाक्ये नंतरच्या ख्रिस्ती लोकांनी घराबाहेरून उच्चारली आणि त्यांचा अर्थ बदलला. ताई संग्रहालयातील नावांच्या भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली.

पाचवा दिवस : व्हेरिया

थेस्सलोनिकीपासून सुमारे ७५ किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी व्हेरिया आहे. शास्त्रातील बिरुया ते हेच. येथील लोक पौलाचे ऐकून स्वस्थ बसले नाहीत, तर तो सांगतो ते तसे आहे की नाही हे दररोज शास्त्रात शोधून पाहत राहिले, आणि त्यासाठी ग्रंथ त्यांना अधिक मोठ्या मनाचे म्हणतो. श्रद्धेच्या ग्रंथात पडताळून पाहणाऱ्यांची अशी स्तुती यावी, हे मला या साऱ्या प्रवासातील अत्यंत आनंदाचे स्थळ वाटते. पौल उभा राहिला असे मानतात त्या जागी मोझेकचे स्मारक आहे. बारबूता या जुन्या यहुदी वस्तीत नदीच्या वरच्या अंगाला दगडी सभास्थान आजही उभे आहे.

सहावा आणि सातवा दिवस : अथेन्स

पौल अथेन्सला समुद्रमार्गे गेला. आम्ही बसने, आणि सहावा दिवस त्या ५०० किलोमीटरांतच गेला. सातव्या दिवशी सूर्योदयाला अरीयपग टेकडीवर चढलो. खडक हजारो पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की ताईने लोखंडी जिना पसंत केला. पायथ्याशी पितळी पाटीवर पौलाचे भाषण ग्रीकमध्ये कोरले आहे.

येथे तो एकटा होता. सोबती मागे राहिलेले, गाव मूर्तींनी भरलेले, आणि एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी पंडित त्याला ‘बडबड्या’ म्हणत असलेले. या भाषणात तो मोशे किंवा संदेष्टे यांचा आधार घेत नाही. ‘अज्ञात देवाला’ अर्पिलेल्या वेदीपासून तो आरंभ करतो आणि आपण त्याचे वंशज आहोत ही ओळ ग्रीक कवीकडून घेतो. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना ही रीत ओळखीची आहे, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे गुणगान अभंग-ओवीच्या चालीवर रचले आणि ते गात आम्ही मोठे झालो. परकी सुवार्ता आपल्याच कवींच्या शब्दांत कानी पडली की ती परकी राहत नाही.

तरी अथेन्समध्ये फळ थोडे आले. मृतांच्या पुनरुत्थानाचे नाव निघताच काहींनी थट्टा केली. दियोनुस्य हा न्यायसभेचा सभासद, दामारी नावाची स्त्री आणि आणखी काही जण, एवढेच विश्वासी झाले. बाप्तिस्मा झालेल्या घराण्याचा येथे उल्लेख नाही आणि अथेन्सकरांना पौलाने लिहिलेले एकही पत्र आपल्यापर्यंत आलेले नाही. भाषण या साऱ्या मार्गावरचे सर्वांत सुंदर, आणि मंडळी सर्वांत लहान.

आठवा दिवस : करिंथ

अथेन्सपासून सुमारे ८० किलोमीटरवर, १८९३ साली खुल्या झालेल्या कालव्याचा पूल ओलांडून आम्ही प्राचीन करिंथात आलो. मागे अक्रोकरिंथचा उंच सुळका, पुढे अपोलोच्या मंदिराचे सात उभे खांब, आणि त्यांच्या खाली दुकानांच्या गाळ्यांच्या रांगा. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले होते आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरने ते पुन्हा वसवले. दोन समुद्रांवर दोन बंदरे असल्यामुळे पूर्व आणि पश्चिम यांचा माल व माणसे येथे एकत्र येत. पौल येथे दीड वर्ष राहिला.

कुठे राहिला, तर अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवले म्हणून ती दोघे येथे आली होती. त्यांचा आणि पौलाचा व्यवसाय एकच होता, तंबू करण्याचा. त्या गाळ्यांच्या रांगेपुढे मी खूप वेळ बसले. शिवणाऱ्याचे हात चालू असतात आणि तोंड मोकळे असते. गिऱ्हाईक थांबते, शेजारचा कारागीर डोकावतो, आणि बोलणे वाढत जाते. पौलाची कितीतरी सुवार्ता व्यासपीठावरून नव्हे तर अशा गाळ्यातून, चामडे आणि जाड कापड यांच्या वासात सांगितली गेली असली पाहिजे, असे मला तेथे खात्रीने वाटले. हे जोडपे पुढे इफिसास गेले आणि तेथे त्यांच्या घरी मंडळी जमू लागली. नंतर ते रोमला परतले आणि तेथेही त्यांच्या घरी मंडळी जमली. नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यांपैकी चार वेळा बायकोचे नाव आधी आहे.

चौकाच्या मध्यभागी उंच न्यायासनाचा चौथरा आहे. पौलाविरुद्धची फिर्याद येथे प्रांताधिकारी गल्लियो याच्यापुढे आली आणि त्याने ती ऐकून न घेताच फेटाळली. हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. क्लौद्याचे एक पत्र डेल्फी येथे दगडावर कोरलेले सापडले, त्यात गल्लियोचा उल्लेख आहे, आणि त्यावरून तो इ.स. ५१-५२ च्या सुमारास येथे होता हे ठरते. पौलाच्या साऱ्या आयुष्याचे कालगणन या एका दगडाला टांगलेले आहे.

नाट्यगृहाजवळच्या फरशीवर एरास्त नावाच्या माणसाचा लॅटिन लेख आहे : नगराधिकारीपद मिळाल्याबद्दल त्याने ही फरसबंदी स्वखर्चाने केली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त सलाम पाठवतो. तो हाच की दुसरा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्याच पत्रात सर्व मंडळीचा पाहुणचार करणारा गायस आहे, आणि पत्र लिहून घेणारा तर्तिय व क्वर्त हा बंधू आहे. तर्तिय म्हणजे तिसरा, क्वर्त म्हणजे चौथा; अशी नावे पुष्कळदा गुलामांची असत.

श्रीमंत आणि गुलाम एका घरात आल्यावर काय झाले हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट दिसते. रोमन घराच्या भोजनगृहात रीतीप्रमाणे नऊ जण बसत. बाकीच्यांना अंगणात थांबावे लागत असणार. प्रभुभोजनाला एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, असे पौल संतापून लिहितो, आणि तुम्ही ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असे विचारतो. वेगळी पंगत म्हणजे काय हे आमच्या आजीला ठाऊक होते. हा अध्याय ती कधीच कोणाकडून वाचून घेत नसे. तो तिला पाठ होता.

नववा दिवस : किंख्रिया

करिंथच्या पूर्वेकडील बंदराला बस जात नाही. टॅक्सीवाल्याने आम्हांला एका शांत खाडीपाशी सोडले आणि दोन तासांनी येतो म्हणाला. किंख्रियाचा धक्का आता बव्हंशी पाण्याखाली आहे; स्वच्छ पाण्यात भिंतींचे पाये दिसतात, आणि एका टोकाला नंतरच्या काळातील चर्चची भिंत अर्धी जमिनीवर, अर्धी समुद्रात आहे. पौल येथूनच अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांना घेऊन सूरियाकडे जाणाऱ्या गलबतात चढला.

या बंदरातील मंडळीची फिबी हिची शिफारस पौल रोमकरांस करतो, आणि ते पत्र घेऊन जाणारी तीच होती असे सामान्यतः मानले जाते. मराठी शास्त्रात तिला ‘सेविका’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’ हा पौल स्वतःसाठीही वापरतो. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि १९२२ मध्ये त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. त्या या शब्दापाशी किती वेळ थांबल्या असतील, असा विचार माझ्या मनात आला.

ताई वाळूवर बसली आणि तिने रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय मोठ्याने वाचायला घेतला. त्यात जवळजवळ सगळी नावेच आहेत : प्रिस्किल्ला, अक्विल्ला, मरिया, पौलाबरोबर तुरुंगात असलेले अंद्रोनिक आणि युनिया, रूफ व त्याची आई, जी माझीही आई आहे असे पौल म्हणतो. आजी ही यादी वाचताना मध्येच थांबून आमच्या गावातील एकेक नाव मिसळत असे. ताईने तसेच केले. टॅक्सी आली, चालकाने हाक मारली, आणि ताईने बोटाने त्याला थांब अशी खूण केली, कारण अजून चार नावे उरली होती.